मागल्या पायरीवरची

हेमंत उतरला होता. कापलेल्या धानाचा, ओल्या तणसाच्या वासाचा, दुधाळ धुक्याचा हेमंत. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या त्या लहानशा गावाच्या उशाशी एक पुरातन तलाव निजला होता. शिंगाड्याच्या वेलींनी अर्धा झाकलेला, अर्धा उघडा, अर्धोन्मीलित नेत्रासारखा. दिवस कलला की त्या पाण्याला श्वास फुटे. श्वेत, शीतल, निःशब्द धुके उठे, तलावाची पाळ चढे, आणि पाळीवरच्या कवेलूच्या कौलारू घरांच्या रांगेशी येऊन एकेका दारात डोकावे.

दारे सताड उघडी होती. आत कोणी नव्हते. धुके आत जाई, खोल्या फिरे, आणि आल्या वाटेने परत येई.

शेवटचे घर तेवढे जागते होते. त्याच्या खिडकीत एक पिवळा दिवा होता, आणि दिव्यामागे दोन बहिणी होत्या.

घरे नगरपरिषदेची, भाड्याची. प्रसूतिगृहातल्या नोकरमाणसांसाठी कधीकाळी बांधलेली. आता पाळ खचू लागली होती. पाण्याचा भार तिला सोसवेना. पाळ रुंद करायची म्हणून घरे पाडायची होती, घरे पाडायची म्हणून माणसे हलायची होती. बसस्टँडच्या पलीकडे नवी उंच इमारत उभी राहिली होती, आणि ज्याला त्याला तिच्यात दोन-दोन खोल्या मिळाल्या होत्या. माणसे आनंदाने गेली. कोणी तुळस उपटून नेली, कोणी देवळीतला देव, कोणी दारावरचे वाळलेले तोरण. बिऱ्हाडामागून बिऱ्हाड उठले, आणि त्या रांगेतला दिव्यामागून दिवा विझला.

कौतिका निंबार्ते थोरली. प्रसूतिगृहात तिचे सारे आयुष्य नर्स म्हणून गेले. गाव तिला सिस्टर म्हणे. गावातली निम्मी लेकरे पहिल्यांदा रडली ती तिच्या तळहातांवर. उंच, कृश, ताठ बाई. पांढऱ्या लुगड्याची, पांढऱ्या केसांची, पांढऱ्या शांततेची. निवृत्त झाली तरी भाडे भरून ती त्याच घरात राहिली होती.

पंचफुला धाकटी. लहानपणी पोलिओने तिचे पाय नेले. पाण्यातल्या कमळदेठांसारखे ते तिच्या मागे मागे येत. चाके लावलेल्या एका पाटावर बसून, हातांनी जमीन रेटत ती घरभर हिंडे. दिवसा ती नवजात बाळांची दुपटी शिवी, आणि संध्याकाळी मागच्या पडवीत तलावाकडे तोंड करून बसे. थोरलीला ती बाई म्हणे, त्या मुलखातल्या धाकट्या बहिणी म्हणतात तशी. थोरली तिला फुला म्हणे.

नोकरीत असताना दिवेलागणीला कौतिका कामावर निघे आणि उजाडता परते. वर्षानुवर्षे हाच क्रम. बाहेर पडताना ती दारात थांबे, मागे वळे, दिव्याच्या वर्तुळात बसलेल्या त्या एवढ्याशा आकृतीकडे पाही. मग रात्रभर, वेदनांनी विव्हळणाऱ्या बायांच्या उशाशी उभी असताना, तिच्या अंतःकरणात एकच चित्र जळत राही: काळे पाणी, पांढरे धुके, आणि त्यांच्या मध्ये एकटी फुला.

त्या चित्रासाठी तिने बरेच काही नाकारले होते. त्याबद्दल ती कुणाशी कधी बोलली नव्हती.

शेजारचे गजभियांचे बिऱ्हाड हलले, त्या संध्याकाळची गोष्ट.

कौतिका स्वयंपाकघरात भांडी गोणपाटात बांधत होती. उन्हाचा शेवटचा केशरी धागा भिंतीवरून सरकत गेला आणि तुटला. बाहेर बगळे निजायला आले. आणि त्या निमालेल्या, निळसर, निर्वात शांततेत तो आवाज आला.

सळ्... सळ्... फट्. सळ्... सळ्... फट्.

कोणी सुपात धान पाखडत होते.

आवाज ओळखीचा होता. आधी सुटीच्या दिवशी, आणि निवृत्तीनंतर रोजच, कौतिकाला तो ऐकू येई. दिवेलागणीला सूप हाती धरू नये, आलेली लक्ष्मी दारातून परत फिरते, हे तिला आईने शिकवले होते. म्हणून दर वेळी ती मनाशी म्हणे, या गजभियांच्या मंदाबाईला रीतभात म्हणून नाही. आणि कामाला लागे.

आजही ती तेच म्हणाली. मग तिचे हात थांबले.

मंदाबाई सकाळीच गेली होती. ट्रकच्या मागे बसून, हात हलवत, हसत गेली होती.

सळ्... सळ्... फट्.

कौतिका उठली. पदर खांद्यावरून घेऊन ती शेजारच्या घरात गेली. दार सताड होते. सांजेचा उरलासुरला उजेड आत आडवा पडला होता. जमिनीवर ओढलेल्या पलंगाच्या रेघा होत्या, भिंतीवर देवाच्या तसबिरीची फिकट चौकट होती, कोपऱ्यात एक फुटका माठ होता. मागच्या अंगणातल्या धुळीवर पक्ष्यांच्या पायांची रांगोळी उमटली होती, आणि त्या रांगोळीवर माणसाचे एकही पाऊल नव्हते.

तिथे उभी असतानाही तो आवाज तिला येतच होता. तो या घरातून नव्हता. भिंतीपलीकडून, तिच्याच घराच्या पाठीमागून येत होता.

ती परतली. मधल्या खोलीत आली तेव्हा सुपाच्या आवाजाबरोबर आणखी एक आवाज तिला ऐकू आला. फुलाचा. हळू, संथ, मायाळू. माहेरी आलेल्या मुलीने आईच्या मांडीवर डोके ठेवून बोलावे तसा. कौतिकाचे पाऊल दारात वाजले, आणि दोन्ही आवाज एकदम थांबले.

पडवीत फुला एकटी होती. पाटावर बसलेली, तोंड तलावाकडे, हात मांडीवर. तिच्यापुढे तीन दगडी पायऱ्या अंगणात उतरत होत्या, आणि शेवटच्या पायरीवर धुके बसले होते.

"फुला, कोणासंगं बोलत होती?"

फुलाने मान वळवली. चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती, भीती नव्हती. थोडे नवल मात्र होते.

"थे आली होती ना, बाई."

"थे कोण?"

"मागल्या पायरीवरची. मले वाटलं, तुले माहीत आहे."

कौतिका भिंतीला टेकली. कवेलूंवरून एक थेंब ओघळला आणि पायरीवर पडला. त्याचा नाद त्या सांजेत कितीतरी वेळ घुमत राहिला.

मग फुलाने सांगितले. साधेपणाने, विहिरीवरच्या गोष्टी सांगाव्यात तसे. दोघी या घरात राहायला आल्या, त्या पहिल्याच हेमंतात ती बाई आली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला येते. शेवटच्या पायरीवर पाठमोरी बसते, सूप पाखडते, अंधार दाट झाला की जाते. म्हातारी आहे की तरणी, ते कळत नाही. अंगावरचे लुगडे ओल्या राखेच्या रंगाचे आहे. तोंड कधी दिसले नाही. बोलत नाही.

"पण आयकते," फुला म्हणाली. "मी बोलली की तिचं सूप हळू चालते."

"नाव काय तिचं?"

"नाही विचारलं. नाव विचारलं की अशी माणसं जातात म्हणे."

"आणि तुले भेव नाही वाटलं?"

"पहिल्यांदा वाटलं. मग तू कामावर गेली की घर लय मोठं होत जाय. थे आली की लहान होय."

तलावाच्या मध्यावर एक पाणकोंबडी ओरडली. कौतिकाला त्या ओरडण्याचा राग आला. कशाचा तरी राग येणे तिला त्या क्षणी भाग होते.

त्या रात्री ती जेवली नाही. पुढच्या दिवशी तिने बोचकी बांधली, दोऱ्या आवळल्या, डब्यांवर झाकणे दाबून बसवली. पण तिच्या आत काहीतरी सैल झाले होते, आणि ते कोणत्याही दोरीने आवळले जाईना.

फुला एकटी आहे, या एका कल्पनेच्या खांबावर तिने आपल्या जन्माचे छप्पर पेलले होते. ते छप्पर पेलताना पाठ मोडली, केस पिकले, तारुण्य ओसरले. तिने तक्रार केली नाही. आणि आता त्या खांबाच्या जागी हात घातला, तर तिथे खांब नव्हताच. फुला एकटी नव्हती. फुलाला रोज कोणी येऊन ऐकत होते. वॉर्डातल्या त्या लांब, निर्जन, औषधी वासाच्या रात्रींत एकटी होती ती दुसरीच. एकटी होती कौतिका.

एका सावलीचा मत्सर करावा, इतके वय आपले उरलेले नाही, असे तिने स्वतःला बजावले. मत्सराने ऐकले नाही.

आणि फुलाने तर निराळेच धरले होते.

"मी नाही येत तिकडं," ती म्हणाली. कपाटातली दुपटी कौतिका घडी घालत होती. "तू जा, बाई. मले इथंच राहू दे."

"इथं? घर पाडणार आहेत हे."

"म्हणूनच तं. थे कोठं बसंल? तिकडं तिसऱ्या माळ्यावर मागली पायरी नाही, तलाव नाही. आपण दोघी निघून गेल्यावर थे येईल, पाठमोरी बसंल, अन् बोलायले कोणी राहणार नाही."

"तिच्यासंगंच राहायचं होतं, तं मले आधी सांगायचं," कौतिका म्हणाली. स्वर तिचाच होता, पण त्याला काठ नवा होता, कापणारा. "मी माझं कुठं तरी पाहिलं असतं."

फुला हलली नाही. तिने सुईत दोरा ओवला. दोरा ओवून झाल्यावर, खाली पाहत, ती म्हणाली,

"मदनकर कंपाउंडर आला होता, तवा मी जागीच होती."

घडी अर्धवट राहिली.

मदनकर. कित्येक वर्षांत त्या नावाचा उच्चार या घरात झाला नव्हता. सौम्य डोळ्यांचा, चाचरत बोलणारा तो माणूस एका दुपारी पुढच्या सपरीत, ओसरीवर, येऊन बसला होता. त्याने लग्नाचे विचारले होते, आणि कौतिकाने नाही म्हटले होते. फुला आत निजलेली होती. निजलेली आहे, असे कौतिका समजली होती.

"तू त्याले म्हणाली, माझी बहीण आहे. त्यानं म्हटलं, तिलेही घेऊन येऊ. तू म्हणाली, लोकाच्या घरात तिले कोणी आश्रित म्हणल, थे मले चालणार नाही." फुलाचा आवाज अगदी सपाट होता, वाऱ्यावाचून पडलेल्या पाण्यासारखा. "मले सारं आयकू आलं. तुले कसं सांगू? तुले सांगितलं असतं, तं तू खोटं बोलली असती. म्हणून मी तिले सांगितलं. दरवर्षी सांगितलं. माझ्यापायी बाईचं घर झालं नाही, असं."

दुपारचे ऊन अंगणात पिवळ्या मांजरासारखे पसरले होते. दूर शेतांवर मळणीयंत्र घरघरत होते, आणि त्याचा सोनेरी भुसा आकाशभर उडत होता.

"पस्तावली काय, बाई?" फुलाने विचारले.

खोटे बोलणे सोपे होते. कौतिकाने ते शोधले, आणि तिला ते सापडले नाही.

"पस्तावली," ती म्हणाली. "कितीतरी सकाळी पस्तावली. ड्युटीवरून येताना, पाळ चढताना. पण दार उघडलं की तू राहायची. चहा ठेवून बसलेली."

फुलाने सुई दुपट्यात टोचली आणि तोंड ओंजळीत झाकले. कौतिका तिच्याजवळ गेली नाही. तिला जाता आले नाही. दोघींमध्ये एवढीशी जमीन होती, आणि तिच्यावर इतक्या वर्षांचे न बोललेले धुके साचले होते.

मग शेवटचा दिवस आला.

टेम्पो आला आणि सामान घेऊन गेला. कपाट गेले, पलंग गेले, शिवणयंत्र गेले. घर रिते होत गेले तसा त्याचा आवाज मोठा होत गेला. खोकला मधल्या खोलीतून परत येई. बांगडीचा किणकिणाट छतापर्यंत चढे. पाटाची चाके फिरली की साऱ्या भिंती दात खात. वस्तूंनी इतकी वर्षे गिळून ठेवलेले काहीतरी आता उघड्यावर आले होते, आणि ते हळूहळू खोल्याखोल्यांतून श्वास घेत होते.

किल्ली घ्यायला नगरपरिषदेचा शिपाई हटवार आला. म्हातारा, मफलर गुंडाळलेला, कौतिकाचा जुना ओळखीचा. तो पुढच्या सपरीत विडी ओढत बसला. दोघी बहिणींना न्यायला ऑटो यायची होती. कौतिकाच्या खांद्याला शेवटची एक पिशवी होती. प्रसूतिगृहातल्या एका कृतज्ञ बाईने नुकत्याच झालेल्या कापणीचा चिन्नोर तांदूळ दिला होता, तो तिने टेम्पोत दिला नव्हता. सुगंधी, लहान दाण्याचा, मोत्याच्या कण्यांसारखा तांदूळ. सोबत गुळाचा एक खडा होता.

फुला पडवीत बसून होती. सकाळपासून ती तिथून हलली नव्हती.

सूर्य पाण्याला टेकला. एक तांबूस, थरथरता, दीर्घ पट्टा तलावावर उमटला, आणि पुसला गेला. शिंगाड्याची पाने काळी झाली. बगळे आले. धुके उठले, पाळ चढले, अंगण ओलांडून पायऱ्यांपाशी आले. आणि धुक्यात ती बसलेली होती.

ती कधी आली, ते कौतिकाला दिसले नाही. आधी पायरी होती. मग पायरीवर ती होती. पाठमोरी. राखाडी लुगड्याची, वाकलेल्या मानेची. ओले केस पाठीवर सुटले होते, आणि त्या केसांतून पलीकडचे पाणी अंधूक दिसत होते. तिच्या हातांतले सूप वर जाई, खाली येई. सळ्... सळ्... फट्.

कौतिकाच्या अंगावर काटा आला. मानेपासून टाचेपर्यंत एक हिमशीत बोट फिरले. सपरीत जावे, हटवारला हाक मारावी, दिवा लावावा, असे वाटले. ती जिथे होती तिथेच राहिली. मग, आयुष्यभर बायांच्या वेदनेकडे ज्या पावलांनी गेली होती, त्याच संथ, न डगमगणाऱ्या पावलांनी ती पडवीत आली, फुलाच्या पाटाला वळसा घालून पायऱ्या उतरली, आणि शेवटच्या पायरीवर, तिच्या शेजारी बसली.

दगड थंड होता. हवेला तळ्याच्या तळाचा वास होता.

तिने मान वळवली, तेव्हा तिला चेहरा दिसला नाही. केसांच्या आड तो राहिला. तिला हात दिसले. बोटांची टोके पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली. मनगटे रिकामी. आणि तिला सूप दिसले.

सुपात काही नव्हते.

एक दाणा नव्हता, एक फोलपट नव्हते. ती रिते सूप पाखडत होती. वर्षानुवर्षे, प्रत्येक हेमंतात, प्रत्येक सांजेला, ती रितेपण पाखडून रितेपण वेगळे काढत होती. आणि तरीही तो आवाज धानाचा होता. भरल्या घराचा, भरल्या कणगीचा, चुलीवर आधण ठेवून वाट पाहणाऱ्या गृहिणीचा.

कौतिकाच्या छातीतला इतक्या दिवसांचा दगड त्या रित्या सुपाकडे पाहता पाहता ओला झाला, मऊ झाला, विरघळला. हिचा मत्सर? हिच्यापाशी तर आपल्याइतकेही नव्हते.

"बाई," ती म्हणाली. त्या मुलखात परक्या बाईलाही तसेच म्हणतात, आणि थोरल्या बहिणीलाही. "मी रातभर बाहेर राहायची. तुमी माझ्या फुलाले सांभाळलं. मले ठाऊक नव्हतं."

सूप हळू झाले.

"आमी आज जातो. ह्या घराचं भाडं सरलं आमचं. जाणाऱ्याची ओटी भरतात, राहणाऱ्याची भरल्याचं काही मी आयकलं नाही. अन् ओटी सवाष्णीनं भरावी म्हणतात. थे तं मी नाही. माझी स्वतःची कोणी भरली नाही कधी. पण मले भरू द्या."

तिने पिशवी उघडली. ओंजळ भरून चिन्नोर घेतला. कितीतरी लेकरांना जगात घेतलेल्या त्या हातांनी तिने ओंजळ सुपात रिती केली. मग दुसरी. मग पिशवीच उलटी केली. सुपाच्या वेतावर तांदूळ पडला, तेव्हा पावसाच्या सरीसारखा नाद झाला. त्यावर तिने गुळाचा खडा ठेवला.

वरून, पडवीतून, फुलाचा हुंदका आला.

सूप थांबले. पूर्णपणे, पहिल्यांदाच. त्या थांबण्याबरोबर तलावावरचे सगळे आवाज थांबले. रातकिडे, बगळे, लाटांची कुजबुज. ती बाई सुपात पाहत होती. फार वेळ पाहत होती. मग तिची सुरकुतलेली बोटे तांदळात शिरली, दाणे वर उचलले गेले, खाली ओघळले. उचलले गेले, ओघळले. आणि केसांच्या त्या पडद्याआडून एक दीर्घ, ओला, श्रांत उसासा बाहेर पडला. दूरचा प्रवास संपवून ओसरीवर टेकलेल्या माणसाचा उसासा.

ती उठली. उठताना तिचे गुडघे वाजले, कोणाही म्हाताऱ्या बाईचे वाजतात तसे.

ती तळ्याकडे जाईल, असे कौतिकाला वाटले. धुक्यात विरून जाईल, असे वाटले. पण ती वळली. भरले सूप छातीशी धरून ती पायऱ्या चढली; पहिली, मधली, वरची. कौतिकाच्या खांद्याला ओल्या वस्त्राची कड लागून गेली. फुलाच्या पाटापाशी ती क्षणभर थांबली. तिने एक हात खाली केला आणि फुलाच्या डोक्यावरून फिरवला. फुलाने डोळे मिटून घेतले. मग तिने उंबरठा ओलांडला, आणि ती घरात गेली.

दार मिटले. आणि आतून कडी लागली.

दोघी बहिणी बाहेर होत्या. एक पायरीवर, एक पडवीत. रातकिडे पुन्हा सुरू झाले.

"थे कधी आत नव्हती आली, बाई," फुला कुजबुजली. तिच्या केसांवर दवासारखे पाणी चमकत होते. "एवढ्या वर्षांत कधीच नाही. मी किती डाव बोलावलं."

"तवा आपण राहत होतो ना."

फुलाने बंद दाराकडे पाहिले. मग तिने दोन्ही हात वर केले, लहानपणी करायची तसे.

"मले उचल, बाई. चाल आता."

कौतिकाने तिला पाठीवर घेतले. घराला वळसा घालून, बाजूच्या बोळातून, ओल्या गवतातून ती पुढच्या अंगणात आली. फुलाचे निर्जीव पाय तिच्या कमरेशी झुलत होते, आणि फुलाचा श्वास तिच्या मानेवर ऊन ऊन लागत होता. इतक्या वर्षांत त्या दोघी इतक्या जवळ आल्या नव्हत्या.

हटवार पुढच्या दारापाशी उभा होता. तेही बंद होते. त्याने कडी हलवली, खांदा लावला, आणि मागे सरला.

"सिस्टर, आतून लागलं आहे दार. आत्ता उघडं होतं. मागून बंद केलं का तुमी?"

"मागचंही आतूनच लागलं आहे."

हटवारने तिच्याकडे पाहिले. पाठीवरच्या फुलाकडे पाहिले. मग त्या काळवंडलेल्या, मिटलेल्या, मुक्या घराकडे पाहिले. विडी त्याच्या बोटांत विझली होती. तो याच गावात जन्मलेला होता; पाळीवरच्या घरांविषयी त्याच्या आईने त्याला काही सांगितले असेल, नसेल. त्याने मफलर कानांवर ओढला.

"घर रिकामं केलं ना तुमी?" त्याने हळूच विचारले. "मले साहेबाले तसं सांगावं लागते."

"आमी केलं," कौतिका म्हणाली.

तिने किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली आणि खिशात टाकली. कुलूप घालायला कोणी पुढे झाले नाही.

"पाडणार कधी?"

"मजूर कोठं आहेत? सारे धानात. उन्हाळ्यात पाहू म्हणतात."

"उन्हाळ्यापर्यंत आहे मग," फुला म्हणाली. हटवारने काय ते विचारले नाही. तो पडवीतून तिचा पाट घेऊन आला. जाताना पळत गेला, येताना पळत आला.

ऑटो आली. हटवार पुढे चालकापाशी बसला. मागे दोघी बसल्या, एका शालीत. ऑटो पाळ उतरली, आणि तलावाला वळसा घालत पलीकडच्या काठाने निघाली. शेतांत धानाचे भारे रचलेले होते. अंधारात ते गुडघे टेकून बसलेल्या बायांसारखे दिसत होते. फुलाने शालीच्या आत कौतिकाचा हात शोधला.

"बाई, मदनकर दिसायले कसा होता? मले फक्त आवाज ठाऊक आहे."

कौतिका हसली. कितीतरी वर्षांनी. "सांगते," ती म्हणाली. "जाऊन चहा ठेवू, मग सांगते. सारं सांगते."

आणि मग फुलाने पाण्यापलीकडे बोट केले.

पलीकडे, पाळीवर, काळ्या घरांच्या त्या रांगेत, शेवटच्या छपराच्या कवेलूंमधून धूर निघत होता. गॅसची शेगडी टेम्पोतून केव्हाच गेली होती. आत उरली होती ती भिंतीलगतची मातीची चूल, जिला कित्येक हेमंतांत विस्तवाचा स्पर्श नव्हता. धूर आधी धाग्याएवढा होता, मग बटेएवढा. निळा, नाजूक, अनुभवी हातांनी पेटवलेल्या चुलीचा धूर. वारा पाण्यावरून आला, आणि त्याच्याबरोबर वास आला. चिन्नोर शिजत होता.

"कोनाकडं तरी भात लागला," ऑटोवाला म्हणाला. हटवार समोर रस्त्याकडेच पाहत राहिला.

धूर वर चढला, धुके खाली उतरले. धूर धुक्यात शिरला, धुके धुरात शिरले, आणि पाळ, घरे, झाडे, पाणी, सारे एका राखाडी पदराखाली झाकले गेले. त्या पदराच्या आत, मिटल्या दाराआड, तांबड्या निखाऱ्यांच्या उजेडात, कोणीतरी कितीतरी वर्षांनी जेवायला बसले.